ओरखडा पुसता येतो का?

मनगटी घड्याळ रोज वापरले की त्याच्या धातूच्या कवचावर ओरखडे उठतातच. दाराची कडी, बाकाची कड, बसमधील दांडा, कशाला ना कशाला ते घासते. शिवाय धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीच्या जातीचे, सूक्ष्म कण असतात. त्यांचा कठीणपणा स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पाचपट भरतो. त्यामुळे बाहीने घड्याळ पुसतानाही हे कण धातूवर चरे पाडतात. मग मालकाला वाटते, जरा झिलई करून घेऊ, नव्यासारखे दिसेल! घड्याळ साधे असेल तर फारसे बिघडत नाही. परंतु ते लाखो रुपयांचे असेल आणि झिलई करणारा हात कच्चा असेल, तर चकाकी येते, पण घड्याळाचा घाटच जातो. असे का व्हावे? आणि झालेली हानी भरून काढता येते का? पाहू या.

एका घड्याळाची गोष्ट

स्वित्झर्लंडमधील ल ब्रासू या गावच्या ओदमार पिगे कंपनीने १९७२ मध्ये ‘रॉयल ओक’ हे घड्याळ बाजारात आणले. त्याचा आराखडा जेराल्ड जेंता यांचा. घड्याळ स्टीलचे, तरीही किंमत अनेक सोन्याच्या घड्याळांहून अधिक! मग ही किंमत कशाची? मोठा भाग होता कारागिरीचा. काचेभोवती अष्टकोनी कडे आणि त्यात षट्कोनी डोक्याचे ८ स्क्रू. कड्याच्या सपाट भागावर एकाच दिशेने ओढलेल्या अतिसूक्ष्म समांतर रेषा असतात, म्हणून तो रेशमासारखा मंद चमकतो. कडेची अरुंद, उतरती पट्टी मात्र आरशासारखी लखलखीत. मंद आणि लखलखीत यांमधला कंगोरा सुरीने कापल्यासारखा सरळ असतो.

समजा, असे घड्याळ कोणी फिरत्या कापडी चाकावर धरले आणि सगळीकडून सारखेच चमकवले. समांतर रेषा गेल्या, कंगोरे गोल झाले, स्क्रूंच्या खाचांच्या कडा खचल्या. अष्टकोन झाला चोखून टाकलेल्या गोळीसारखा. ओरखडे मात्र खरोखरच दिसेनासे झाले! ते गेले कोठे?

झिलई म्हणजे काय?

न्यूटनने १७०४ मधील आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात असे मत मांडले होते की, झिलईने काच खरडली जाते. चरे इतके बारीक होतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सर जॉर्ज बील्बी यांनी वेगळा विचार मांडला. झिलई करताना धातूचा वरचा थर द्रवासारखा वाहतो आणि खळगे झाकतो, असे त्यांचे म्हणणे. हे पूर्णपणे खरे असते, तर आपला कारागीर निर्दोष ठरला असता. परंतु लिओनार्ड सॅम्युएल्स या ऑस्ट्रेलियन धातुशास्त्रज्ञाच्या संशोधनातून स्पष्ट झाले की, धातूची अपघर्षकाने केलेली झिलई ही मुख्यतः सूक्ष्म कापणीच असते. पृष्ठभाग थोडा लिंपला जातो हे खरे. परंतु खोल ओरखडा त्याने भरून निघत नाही.

ओरखडा ही धातूवर चिकटलेली वस्तू नव्हे. ती धातूची उणीव आहे. ती नाहीशी करायची, तर आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. थोडे गणित करू. २० मिमी लांब व ५ मिमी रुंद पृष्ठभागावर ०.०५ मिमी खोल ओरखडा आहे. तो १० मिमी लांब, वरच्या बाजूस ०.१ मिमी रुंद आणि त्रिकोणी छेदाचा मानू. ओरखड्यातून गेलेल्या धातूचे आकारमान ०.०२५ घन मिमी. तो घालवण्यासाठी काढावा लागणारा धातू २० × ५ × ०.०५, म्हणजे ५ घन मिमी. दोनशे पट!

झिलईत धातू जातो, हे आपल्याकडील झारेकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सराफांच्या पेढ्यांवरील केरकचरा धुऊन त्यातून सोने काढणारे हे लोक. दागिना घडवताना आणि उजळताना गेलेले सोने त्या केरातच असते.

कडाच का झिजतात?

१९२७ मध्ये एफ. डब्ल्यू. प्रेस्टन यांनी काचेच्या झिलईविषयी एक सोपा नियम मांडला. झीज होण्याचा वेग हा दाब आणि घासण्याचा वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. आता कापडी चाक पाहा. ते मऊ असल्याने वस्तूच्या कडेभोवती वळते. कडेचे क्षेत्रफळ लहान, म्हणून तेथील दाब अधिक. दाब अधिक, म्हणून झीजही अधिक. जुन्या नाण्यावरची उठावाची अक्षरे आधी पुसट होतात, तसेच हे. कठीण आणि सपाट तबकडी वळत नाही, म्हणून कंगोरा टिकतो. जपानमधील ग्रँड सेइको घड्याळांची ‘झारात्सु’ झिलई अशाच फिरत्या सपाट तबकडीवर होते. हे नाव साल्लाझ या यंत्रनिर्मात्याच्या नावावरून पडले.

आणखी एक प्रश्न. एवढीशी झीज डोळ्याला कळते कशी? आरसा १ अंशाने कलला की परावर्तित किरण २ अंशांनी वळतो, हे तुम्ही शिकला आहात. ५ मिमी लांबीच्या पृष्ठभागाचे एक टोक ०.०९ मिमीने खाली गेले, तर तो सुमारे १ अंशाने कलतो. मग ३ मीटर दूरच्या भिंतीवरील कवडसा १० सेंमीहून अधिक सरकतो. म्हणूनच झिलईची परीक्षा करताना पृष्ठभागाकडे न पाहता त्यातील प्रतिबिंब पाहावे. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सरळ दिसले तर पृष्ठभाग सपाट. कडेशी वाकले तर समजा, तेथे धातू गेला आहे.

बिघडलेले काम कसे सुधारावे?

पहिला उपाय म्हणजे थांबणे. ‘आणखी थोडे घासले की नीट होईल’ हा विचार सर्वांत घातक, कारण प्रत्येक फेरीला धातू कमीच होतो. कंगोरे शाबूत असून केवळ समांतर रेषा गेल्या असतील, तर लखलखीत पट्टी झाकून त्या रेषा पुन्हा ओढता येतात. कंगोरे किंचित गोल झाले असतील आणि धातू पुरेसा उरला असेल, तर सपाट तबकडीवर पृष्ठभाग पुन्हा घासून काढता येतो. मात्र कवच आणखी थोडे बारीक होते.

धातू फारच गेला असेल तर तो परत घालावा लागतो. त्यासाठी लेसर किरणाने त्याच मिश्रधातूची बारीक तार वितळवून कडेवर थेंबाथेंबाने चढवतात. एवढ्या उष्णतेने सगळे कवच का तापत नाही? कारण लेसरचा प्रत्येक ठोका सेकंदाचा काही सहस्रांश एवढाच असतो. ५ सहस्रांश सेकंदात स्टीलमध्ये उष्णता सुमारे ०.१४ मिमीच पसरते. घड्याळाचे यंत्र अर्थातच आधी बाहेर काढलेले असते. मग चढवलेला धातू सपाट तबकडीवर घासून मूळ कोन साधतात. हे काम वेळखाऊ आणि महाग आहे. शिवाय घाट परत आला तरी नवा धातू मूळचा नसतो. घड्याळ विकताना हे ग्राहकाला सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणून अनेक जाणकार ओरखडे तसेच ठेवणे पसंत करतात.

करून पाहा

साबणाच्या दोन कोऱ्या, कोरड्या वड्या घ्या. दोन्हींवर खिळ्याने सारख्याच खोलीचा चरा ओढा. एक वडी मऊ स्पंजाला गुंडाळलेल्या पॉलिश कागदाने घासा. दुसरी वडी टेबलावर सपाट चिकटवलेल्या पॉलिश कागदावर घासा. दोन्ही चरे नाहीसे झाले की वड्यांच्या कडा आणि जाडी यांची तुलना करा. कडा कोणत्या वडीच्या टिकल्या? आणि जाडी न गमावता चरा घालवणे एकीला तरी जमले का?

हे उत्तर मिळाले की घरात सांगून ठेवा. यापुढे दागिना उजळायला देताना त्याचे आधीचे आणि नंतरचे वजन सराफाकडून जरूर मागून घ्यावे.