‘किती टक्के पडले?’ विचारण्याआधी पोराच्या प्रगतीपत्रकातला हा रकाना वाचा

1 मे. महाराष्ट्र दिन. राज्यातल्या बहुतेक शाळांमध्ये याच दिवशी निकाल लागतो. दिंडोरी तालुक्यातलं वणी असो की पुण्यातली एखादी सोसायटी, पोरगं प्रगतीपत्रक घेऊन बाहेर आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती पडले? दुसरा प्रश्न, शेजारच्याला किती?

पण त्याच प्रगतीपत्रकात टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं काहीतरी लिहिलेलं असतं. ते आपण वाचतच नाही.

हा रकाना आला कुठून?

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. मुलाला भीती आणि ताण न देता शिकवा आणि त्याचं मूल्यमापन वर्षभर करा, असं हा कायदा सांगतो. त्यानुसार महाराष्ट्र सरकारने 20 ऑगस्ट 2010 ला शासन निर्णय काढला आणि पहिली ते आठवीसाठी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ सुरू झालं.

यात पहिली-दुसरीला 70 टक्के भार रोजच्या निरीक्षणावर, तोंडी कामावर, उपक्रमांवर असतो. लेखी परीक्षेसारख्या संकलित मूल्यमापनाला फक्त 30 टक्के. पुढे हे प्रमाण बदलत जातं आणि सातवी-आठवीला 40-60 होतं. पहिला नंबर, दुसरा नंबर ही भानगड नाही, श्रेणी मिळते.

सोबत शिक्षक वर्णनात्मक नोंदी लिहितात. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. उदाहरणार्थ, ‘स्वतःचा अनुभव न घाबरता सांगतो’. मागच्या वर्षी हेच पोरगं वर्गात तोंड उघडत नसेल, तर ही केवढी मोठी गोष्ट आहे!

2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2023-24 पासून आपल्याकडे पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. तरी नोंदींचं महत्त्व कमी झालेलं नाही.

‘हुशार आहेस’ म्हटल्याने काय होतं?

1998 मध्ये अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले. कोडी सोडवल्यावर काहींना सांगितलं, ‘तू हुशार आहेस’. काहींना सांगितलं, ‘तू मेहनत घेतलीस’. पुढचं काम निवडायला दिलं तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्या बहुतेक मुलांनी सोपं काम घेतलं. मेहनतीचं कौतुक झालेल्यांनी नवीन शिकवणारं काम घेतलं. नंतर अवघड कोड्यांत सगळेच आपटले. तेव्हा ‘हुशार’ गटातल्या जवळपास 40 टक्के मुलांनी आपले गुण वाढवून सांगितले.

म्हणजे पोरं खोटं बोलायला कशी शिकतात? हुशारीचा शिक्का जाईल या भीतीने.

अर्थात, नुसती शाबासकी बदलली म्हणून गुण धडाधड वाढत नाहीत. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम लहानच दिसला. पण ज्या घरात चूक सांगता येते, तिथे पोरगं निदान मदत तरी मागतं.

वणीच्या शेतकऱ्याला हे आधीच माहीत आहे

दिंडोरी हा द्राक्षांचा पट्टा. एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी होते. तिच्यातून एक मणीसुद्धा हाती येत नाही. पण त्यानंतरच्या दिवसांतच नव्या काडीच्या डोळ्यांत पुढचे घड आकार घेतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते बाहेर दिसतात. म्हणून एप्रिलच्या बागेला कुणी ‘नापास’ म्हणत नाही. नेमका त्याच सुमारास पोरांचा निकाल लागतो, आणि तिथे मात्र आपल्याला लगेच घड हवे असतात.

मग घरी काय करायचं?

– आधी वर्णनात्मक नोंदी वाचा, मग श्रेणी बघा.
– तुलना शेजारच्याशी नको, पोराच्याच मागच्या सत्राशी करा.
– ‘सुधारणा आवश्यक’मधली एकच गोष्ट निवडा आणि शिक्षकांना विचारा, घरी काय करू?
– ‘किती पडले’ऐवजी विचारा, ‘यंदा तुला काय जमायला लागलं?’

गुण महत्त्वाचे आहेतच, पुढचे प्रवेश त्यावरच होतात. पण नववीपासून हा नोंदींचा भाग मागे पडतो आणि गुणच बोलायला लागतात. पोराची वाढ बघायची सवय लावायला आपल्या हातात पहिली आठ वर्षं आहेत.

तुमच्या घरातलं शेवटचं प्रगतीपत्रक काढा. त्यात शिक्षकांनी काय लिहिलंय, कमेंटमध्ये नक्की सांगा.