सोन्याचा आकडा आणि ग्रामसभेचा प्रश्न

जंगलात बोअरची मशीन लागली की गावभर एकच बोलवा उठते, सोने सापडले! मग दलाल फिरू लागतात आणि अतिक्रमणदार ठरवलेला माणूस धास्तावतो. गोंदिया जिल्ह्याने हा विषय परका समजू नये. साकोली समूहाचे खडक भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात पसरले आहेत. नागपूर जिल्ह्यातील परसोडी परिसरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला सोने आढळलेले आहे. नदीची वाळू धुऊन सोने वेचणाऱ्या सोनझारींचे नाव तर अनुसूचित जमातींच्या यादीत गोंडांच्या नोंदीतच आहे.

परंतु बोअर म्हणजे खाण नव्हे. बोअरमधून निघते ती खडकाची बारीक कांडी, म्हणजे कोअर. टनामागे ३ ग्रॅम सोने म्हणजे दहा लाख भागांत ३ भाग. तेही सारखे पसरलेले नसते. एखादा जाड कण नमुन्यात आला तर आकडा फुगतो, हुकला तर शून्य. म्हणूनच कोअर उभा चिरून अर्धा तपासणीला पाठवायचा व अर्धा पेटीत जपायचा, असा रिवाज आहे. उद्या शंका आली तर तो अर्धा भागच साक्षीदार!

इंडोनेशियातील बुसांग येथे ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने हा साक्षीदारच ठेवला नाही, जवळजवळ सगळा कोअर दळून टाकला. नमुन्यांत बाहेरचे सोने मिसळल्याचे १९९७ साली उघड झाले आणि हजारो गुंतवणूकदार बुडाले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र येथे ३,३५० टन सोन्याचा गाजावाजा झाला. सर्वेक्षणाने खुलासा केला : ५२,८०६.२५ टन खनिज, टनामागे ३.०३ ग्रॅम, म्हणजे सोने सुमारे १६० किलो! तेथे घोटाळा बोअरचा नव्हता, आकडा सांगण्याचा होता.

गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही. पेसाचे कवच येथे नाही. तथापि २००६ चा वनहक्क कायदा आहे. दाव्यांची पडताळणी व मान्यता पूर्ण होईपर्यंत कलम ४(५) नुसार वननिवासींना हटवता येत नाही. २००५ चा माहिती अधिकारही आहे. तेव्हा ग्रामसभेने लेखी विचारावे : बोअर किती? किती अंतरावर? कोअर किती टक्के हाती आला? उरलेला अर्धा कोठे आहे? फेरतपासणी कोणी केली?

सोने किती, हे भूवैज्ञानिक सांगतील. ते कशावरून, हे विचारायला पदवी लागत नाही.