विश्लेषण : पहिल्या महायुद्धातील भारतीय शिपायांची घरची पत्रे ब्रिटिश का वाचत होते?

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस फ्रान्सच्या मार्सेय बंदरात भारतीय लष्कराच्या पहिल्या तुकड्या उतरल्या. शिपायांत बहुतेक शेतकऱ्यांची मुले होती. समुद्र अनेकांनी पहिल्यांदाच पाहिला होता. पुढच्या काही महिन्यांत हीच मुले आठवड्याला हजारो पत्रे गावाकडे धाडू लागली. त्या पत्रांत लढाईइतकीच चौकशी पावसाची, गव्हाची आणि म्हशीची होती. आणि हे सगळे एका ब्रिटिश कार्यालयात बारकाईने वाचले जात होते.

कोण होती ही मुले?

पंजाबातले शीख आणि मुसलमान, गढवाली, गुरखे, पठाण, डोगरे, मराठे. ब्रिटिशांनी ज्यांना ‘लढाऊ जाती’ ठरवले त्या समाजांतूनच भरती होत असे आणि शहरी, शिकलेला तरुण त्यांना नकोच असे. घरी जमीन थोडी, भाऊ जास्त. महिन्याला ११ रुपये रोख, पुढे पेन्शन आणि पंजाबात तर चांगली नोकरी झाली की कालव्याखालची जमीन मिळण्याची आशा. म्हणजे शेती सोडून ही मुले लष्करात गेली ती बऱ्याचदा शेतीसाठीच.

छावणीतला दिवस कसा जाई?

काही दिवस खंदकात, काही दिवस मागच्या गावात, अशी पाळी असे. पहिला हिवाळा फार वाईट गेला. शिपाई उन्हाळी खाकी कपड्यांत आले होते, गरम कपडे उशिरा पोहोचले. गुडघाभर चिखलात उभे राहून पाय सुजत, बधिर होत. शिधा मात्र ओळखीचा होता : आटा, डाळ, तूप, गूळ, हळद, मिरची, चहा. स्वयंपाक मागे होई आणि चपात्या पुढे खंदकात नेल्या जात. बकरे कापायचे तेही ज्याच्या त्याच्या रीतीने, आपल्याच माणसांच्या हातून.

मागच्या गावांत मुक्काम अनेकदा फ्रेंच शेतकऱ्याच्या कोठारात किंवा गोठ्यात पडे. इथे या मुलांचे डोळे उघडे असत. जमीन कशी कसदार आहे, पुरुष लढाईवर गेल्यावर बायका शेत कशा सांभाळतात, गायी किती दूध देतात, याची वर्णने पत्रांतून गावाकडे गेली. परक्या देशात त्यांना सगळ्यात लवकर कळले ते शेतच.

पत्रांत काय असे?

अनेक शिपायांना लिहिता येत नव्हते. पलटणीतला लिहिणारा लिहून देई आणि गावात मास्तर किंवा कुणी शिकलेला ते चारचौघांत वाचून दाखवी. मायना बहुधा वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावे. बायकोची आठवण काढायची ती आडून, ‘घरी सगळे बरे आहेत ना’ एवढ्यावर. त्यामुळे जीव कुठे अडकला आहे ते व्यवहाराच्या प्रश्नांतून दिसते. सावकाराचे किती फिटले? बांधाच्या खटल्याचे काय झाले? बैल विकला तर नाही ना? पत्र जहाजाने जायला काही आठवडे, उत्तर यायला तेवढेच. पेरणीची चौकशी केली तर उत्तर येईपर्यंत पीक वर आलेले असे.

सेन्सॉर कशासाठी होता?

परदेशातल्या भारतीय क्रांतिकारकांचे साहित्य शिपायांच्या हाती पडू नये, म्हणून आधी येणारे टपाल तपासले जाऊ लागले. मग जाणारेही. फ्रान्समधल्या बुलोन येथील या कार्यालयाचे प्रमुख होते कॅप्टन एव्हलिन हॉवेल. त्यांचे काम पत्रे अडवण्यापेक्षा त्यांतून फौजेचे मन ओळखण्याचे होते. बहुतेक पत्रे पुढे जाऊ दिली जात. निवडक उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करून दर आठवड्याला वरिष्ठांकडे अहवाल जाई. जानेवारी १९१५ मध्ये हॉवेल यांनी नोंदवले, की शिपाई पत्रांत कविता लिहू लागले आहेत आणि हे मनाच्या अस्वस्थतेचे चिंताजनक लक्षण वाटते. नोंद गमतीची वाटेल, पण माणूस निदान चुकला नव्हता.

सरकारला खरी धास्ती भरतीची होती. गावात चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या पत्रात ‘धाकट्याला पाठवू नका’ असे आले, तर शेजारच्या चार घरांतली मुलेही थांबणार.

‘काळी मिरी’ काय होती?

पत्रे उघडली जातात हे शिपायांना ठाऊक होते. म्हणून काळी मिरी म्हणजे भारतीय सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे, अशा सांकेतिक भाषेत लिहिले जाई. काळी मिरी संपत आली, एवढे कळवले की गावाला समजे. सेन्सॉरलाही समजत होते.

जखमींची तक्रार कोणती?

जखम झाली की घर, अशी शिपायांची समजूत होती. नियम वेगळा होता. कायमचा निकामी झालेलाच भारतात परते. बाकीच्यांना बरे करून पुन्हा खंदकात धाडले जाई. ब्रायटनच्या राजवाड्यात त्यांच्यासाठी रुग्णालय उघडले, तिथे खानपानाचे नियम पाळायला नऊ स्वयंपाकघरे होती आणि त्याची छायाचित्रे भरपूर प्रसिद्ध झाली. त्याच शहरातल्या दुसऱ्या, किचनर रुग्णालयात मात्र जखमींना मोकळेपणी बाहेर पडता येत नव्हते. मार्च १९१५ मधल्या न्यूव्ह शापेलच्या लढाईत चार हजारांहून अधिक भारतीय मृत, जखमी वा बेपत्ता झाले, त्यानंतर हा सल आणखी वाढला.

पत्रे आज कुठे आहेत?

मूळ पत्रे आपापल्या गावी गेली आणि बहुतेक काळाच्या ओघात नाहीशी झाली. उरले ते सेन्सॉरचे अहवाल, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. म्हणजे पंजाबी किंवा मराठी मुलाने लिहवलेली घरची चौकशी आज मुख्यतः इंग्रजी उताऱ्यातच वाचावी लागते.

महाराष्ट्राचा संबंध काय?

खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेलच्या पहिल्या हल्ल्यात होत्या. त्यात त्यांची मोठी हानी झाली. पण मराठा पलटणींचे युद्ध मुख्यतः मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये झाले. १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधले भारतीय पायदळही घरी न जाता तिकडेच वळवण्यात आले. कूत शहराला पडलेल्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. तिथे नेहमीचे टपाल बंद झाले आणि शिधाही संपत आला. घोड्याचे मांस खायला भारतीय शिपाई बरेच दिवस तयार नव्हते. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली आणि वाचलेले कैदेत गेले.

युद्धानंतर सरकारने भारतातल्या अनेक गावांत संगमरवरी फलक लावले, महाराष्ट्रातही. या गावातून किती पुरुष महायुद्धात गेले आणि त्यांतले किती मरण पावले, एवढे दोन आकडे त्यावर आहेत. नावे नाहीत.