हट्ट कुणाच्या जिवावर?

लेखमाला : विश्वासाची घडण – भाग ६

मागच्या भागात आपण मिसरातून सुटून आलेल्या इस्राएल लोकांबद्दल वाचले. दास्यातून सुटले, तरी अडचण आली की त्यांना मिसरच आठवे. म्हणूनच शास्त्र त्यांना ताठ मानेचे म्हणते. यावर मनात एक प्रश्न येणारच. विश्वासात ठाम राहा, असे मंडळी आपल्याला शिकवते. मग ठामपणा कुठे संपतो आणि ताठरपणा कुठे सुरू होतो?

प्रेषितांच्या कृत्यांतला दहावा अध्याय घेऊ. यापो गावी पेत्र घराच्या धाब्यावर प्रार्थनेला बसला आहे. त्याला दर्शन होते : आकाशातून एक मोठी चादर उतरते, तिच्यात सगळ्या तऱ्हेचे प्राणी आहेत आणि ‘खा’ अशी आज्ञा होते. पेत्र नाही म्हणतो. तो नास्तिक नव्हता, आळशीही नव्हता. जन्मभर नियमशास्त्र पाळलेल्या माणसाचा तो प्रामाणिक नकार होता. पण तेवढ्यात कर्नेल्य या रोमी शताधिपतीची माणसे दाराशी येतात. दुसऱ्या दिवशी पेत्र त्यांच्याबरोबर कैसरियाला निघतो आणि आजवर निषिद्ध मानलेल्या घराचा उंबरा ओलांडतो. त्या घरातल्या माणसांवरही पवित्र आत्मा उतरलेला पाहिल्यावर त्यांना बाप्तिस्मा नाकारायला त्याच्याजवळ कारण उरत नाही.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात मात्र याच पेत्राची दुसरी बाजू दिसते. अंत्युखियात तो परराष्ट्रीय बांधवांच्या पंगतीला बसत असे. याकोबाकडची माणसे आली आणि तो हळूच मागे सरला. पौलाने त्याला सर्वांदेखत धारेवर धरले. एकदा मन मोकळे झाले म्हणजे जन्माचे मोकळे झाले, असे होत नाही. शिवाय पेत्राने मान राखली ती स्वतःची. अपमान झाला तो पंगतीत मागे उरलेल्यांचा. मला कसोटी इथेच सापडते. विश्वासासाठी ठाम राहणारा स्वतः झीज सोसतो. ताठर माणूस ती दुसऱ्याला सोसायला लावतो.

ही कसोटी आपल्या मातीत लावून पाहू. मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्यावरून जाणारा रस्ता माळशेज घाट चढून नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचतो. कवी नारायण वामन टिळकांचे बरेचसे ख्रिस्ती आयुष्य त्या शहरात गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्त तुटले, समाजाने पाठ फिरवली, तरी ते ख्रिस्तापासून ढळले नाहीत. पण उपासनेच्या पाश्चात्त्य रीतीला ते चिकटून बसले नाहीत. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. ख्रिस्ती कीर्तन नगर भागात त्यांच्या आधीच सुरू झाले होते. टिळकांनी अभंग, भजने आणि गीते रचून मराठी मंडळीच्या तोंडी तिची स्वतःची भाषा दिली. त्यांची गीते आजही आपल्या उपासनेत गायली जातात. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. या पावलाची झीज त्यांनी स्वतः सोसली.

मात्र त्यांच्या बाप्तिस्म्याची झीज एकट्या त्यांनी सोसली नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला आणि काही वर्षे त्या टिळकांपासून दूर राहिल्या. त्या परतल्या तेव्हा टिळकांनी आपला विश्वास त्यांच्यावर लादला नाही. त्यांचे सोवळे, त्यांची वेगळी चूल, सारे काही घरात राहू दिले. जातीचे बंधन लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून सोडले, आणि नंतर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनीच पूर्ण केले. ज्याला स्वतःच्या विश्वासाची खात्री असते, तो समोरच्याला वेळ देऊ शकतो, हे या घरात दिसते.

याचा अर्थ सगळेच सैल सोडावे असा नाही. टिळकांनी चाल बदलली, भाषा बदलली, संस्था सोडली. ख्रिस्ताला सोडले नाही. आपल्याकडे बहुधा उलटे होते. पेटीवर कोणती चाल वाजवायची, टाळ-मृदंग चालतो का, बाईने वचन सांगावे का, नव्याने आलेला आदिवासी बांधव कुठे बसेल, यावर आपण हटून बसतो. आणि क्षमा करायची वेळ आली की तेवढा आग्रह दिसत नाही. हरिनाम सप्ताहात मृदंग ऐकत वाढलेला मुरबाड-शहापूरचा तरुण उपासनेला आला आणि त्याला परके वाटले, तर आपण ख्रिस्ताची राखण केली की फक्त आपल्या सवयीची?

या आठवड्यात आपल्या मंडळीतला असा एक आग्रह निवडा. त्यापायी कोण दाराबाहेर राहिले आहे, हे स्वतः त्या माणसाला भेटून विचारा. तो आपल्याच घरातला असेल, तर आधी त्याच्याशी बोला.

पुढील भागात : सुंतेच्या प्रश्नावर यरुशलेमेत भरलेली सभा. मंडळीने कोणते ओझे उतरवले आणि कोणत्या गोष्टींना ठाम नकार दिला, ते पाहू.