स्टीमवर गेम विकायचाय? मग आधी कॅप्सूलकडे बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कॉम्प्युटर गेम बनवून स्टीमवर विकायचा धंदा कसा चालतो ते पाहिलं. त्यातला एक मुद्दा घाईत गेला, पण बहुतेकांची मेहनत नेमकी तिथेच अडकते. म्हणून आज तोच सविस्तर घेऊ.

स्टीम म्हणजे कॉम्प्युटर गेमचं जगातलं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. तिथे माल लावायची फी एका गेममागे १०० डॉलर. गेमची कमाई १,००० डॉलरपर्यंत पोहोचली की ही फी परत मिळते. हे काम काही फक्त अमेरिका-जपानचं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला आणि परदेशातल्या लोकांनीही तो खेळला.

म्हणजे दुकानात जागा मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते गिऱ्हाईकाचं बोट तुमच्या गेमवर थांबणं. तिथे तुमच्या गेमचा एक छोटा चौकोन दिसतो, त्यावर चित्र आणि नाव. स्टीमवर त्याला 'कॅप्सूल' म्हणतात. यूट्यूबवर जे काम थंबनेल करतं, तेच इथे कॅप्सूल करतं.

हिशोब समजून घ्या

समजा तुमचा गेम १०,००० वेळा लोकांच्या नजरेसमोर आला. शंभरात एकाने क्लिक केलं तर तुमच्या पानावर १०० लोक आले. शंभरात दोघांनी केलं तर २००. गेम तोच, किंमत तीच, मेहनत तीच. फक्त पाटी बदलली आणि दुकानात दुप्पट माणसं आली. ट्रेलर, वर्णन, सवलत हे सगळं आत आलेल्या माणसासाठी असतं. बाहेरच्या माणसाला फक्त पाटी दिसते. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात ना, तसं इथे तुमच्या वतीने कॅप्सूल बोलतं.

पहिली चूक: मोठ्या स्क्रीनवर बघून पसंत करणं

चित्रकार तुम्हाला सुंदर चित्र पाठवतो. तुम्ही ते पूर्ण स्क्रीनवर उघडता आणि खूश होता. पण गिऱ्हाईक ते तसं कधीच बघत नाही. स्टीमला द्यायचं 'स्मॉल कॅप्सूल' ४६२ बाय १७४ पिक्सेलचं असतं. स्टीम त्याचंच आणखी लहान रूप बनवतं, अगदी १२० बाय ४५ पिक्सेलपर्यंत. सर्चमध्ये आणि याद्यांमध्ये तुमचा गेम असा बारीक दिसतो.

एसटीची पाटी आठवा. गाडी स्टँडमध्ये वळतानाच लांबून गावाचं नाव वाचता आलं पाहिजे. त्या पाटीवर कोणी निसर्गचित्र काढत नाही. स्मॉल कॅप्सूलचंही तसंच: गेमचं नाव जवळजवळ पूर्ण जागा व्यापेल एवढं मोठं हवं. चित्र त्याच्या मागे, आधाराला.

म्हणूनच गेमचं नाव ठेवतानाच कॅप्सूलचा विचार करा. समजा तुमचा गेम हापूसच्या बागेवर आहे. 'आमराई' हे नाव छोट्या चौकोनात ठसठशीत बसेल. 'द ग्रेट अल्फान्सो ऑर्चर्ड मॅनेजमेंट सिम्युलेटर' बसवायला गेलात तर मुंग्यांची रांग दिसेल.

कॅप्सूलने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची

१. नाव काय? ठळक अक्षरं आणि मागच्या रंगापेक्षा स्पष्ट वेगळा रंग. चित्र काळं-पांढरं करून बघा. अक्षरं मागच्या चित्रात विरघळली तर रंग चुकलेत.

२. हा कोणत्या प्रकारचा गेम आहे? भीतीचा, शेतीचा, पत्त्यांचा, मारामारीचा? हे चित्राने आणि अक्षरांच्या वळणाने सांगायचं. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला 'स्टारड्यू व्हॅली' २०१६ मध्ये आला. त्याच्या नावाची अक्षरं लाकडी पाटीसारखी आहेत. बघताक्षणी शेत आणि गाव डोळ्यांपुढे येतं.

३. लक्षात काय राहणार? एकच गोष्ट. एक चेहरा, एक वस्तू किंवा एक क्षण. टीम चेरी या ऑस्ट्रेलियातल्या छोट्या टीमच्या 'हॉलो नाइट' मधलं पात्र बघा: पांढरा शिंगवाला मुखवटा आणि दोन काळे डोळे. टपाल तिकिटाएवढं केलं तरी ओळखू येतं. याउलट सहा पात्रं, दोन किल्ले आणि एक ड्रॅगन एका चौकोनात कोंबले तर एकही दिसत नाही.

प्रत्येक आकार वेगळा मांडा

स्टीम एकच चित्र मागत नाही. मेन कॅप्सूल १२३२ बाय ७०६, आडवं. व्हर्टिकल कॅप्सूल ७४८ बाय ८९६, उभं. हेडर वेगळं, लायब्ररीचं वेगळं. एकच चित्र कापून सगळीकडे चिकटवलं की कुठे पात्राचं डोकं जातं, कुठे नावाचं शेवटचं अक्षर. म्हणून चित्रकाराकडून पात्र, पार्श्वभूमी आणि नाव वेगवेगळ्या लेयरमध्ये घ्या. मग प्रत्येक आकारात तेच घटक नव्याने मांडता येतात.

नियमही पाळा. सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपनाव एवढंच चालेल असं ठरवलंय. '५० टक्के सूट', पुरस्कारांचे शिक्के, लोकांनी दिलेले स्टार यातलं काहीही कॅप्सूलवर टाकता येत नाही.

खोटी पाटी लावू नका

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. गेम साध्या पिक्सेल चित्रांचा आणि कॅप्सूल सिनेमाच्या पोस्टरसारखं, असं केलं तर क्लिक मिळतील, पैसे टिकणार नाहीत. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. फसल्यासारखं वाटलेलं गिऱ्हाईक पैसे परत घेतं आणि जाताना वाईट रिव्ह्यू लिहून जातं. तो रिव्ह्यू पुढच्या प्रत्येक गिऱ्हाईकाला दिसतो. कॅप्सूलचं चित्र गेमपेक्षा देखणं असायला हरकत नाही, पण जो अनुभव आत मिळणार आहे त्याचंच वचन बाहेर द्या. एआयने बनवलेली चित्रं वापरलीत तर तेही स्टीमला सांगावं लागतं आणि ती माहिती तुमच्या पानावर दिसते.

चित्रकाराला काम देताना

स्वतःला चित्र काढता येत नसेल तर संपूर्ण बजेटमध्ये या कामासाठी पैसे राखून ठेवा. काम देताना एवढं लेखी ठरवा:

- गेमचा प्रकार आणि खेळणारा त्यात मुख्यतः काय करतो, दोन वाक्यांत.
- तुम्हाला आवडलेली तीन कॅप्सूल आणि ती का आवडली.
- आधी तीन-चार रफ स्केच. ती १२० बाय ४५ आकारात बघूनच एक निवडायचं, मग रंगकाम.
- लेयरवाली मूळ फाइल आणि व्यावसायिक वापराचे हक्क तुमच्याकडे.

घरच्या घरी परीक्षा

स्टीमवर तुमच्या प्रकारचे दहा गेम शोधा आणि त्या यादीचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात तुमचं कॅप्सूल त्याच आकारात चिकटवा. ते त्या दहांच्या घरातलं वाटलं पाहिजे, आणि तरी वेगळं ओळखू आलं पाहिजे. सगळे हिरवेगार असतील तर तुमचं संध्याकाळच्या केशरी रंगात करून बघा.

मग गेम खेळणाऱ्या पाच जणांना तो स्क्रीनशॉट दोन सेकंद दाखवा आणि फोन बाजूला ठेवा. 'कसं वाटलं?' असं विचारू नका. ओळखीचा माणूस 'छान आहे' म्हणणारच. विचारा: 'कोणतं नाव आठवतंय? त्या गेममध्ये काय करायचं असेल?' पाचपैकी तिघांना सांगता आलं नाही तर कॅप्सूलवर अजून काम बाकी आहे.

पान सुरू झाल्यावर स्टीमच्या रिपोर्टमध्ये गेम किती वेळा दिसला आणि किती जण पानावर आले हे आकडे मिळतात. कॅप्सूल बदललं तर तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात सेल लावू नका. नाहीतर फरक पाटीमुळे पडला की सवलतीमुळे, हे कळणारच नाही.

स्टीमवर 'लवकरच येत आहे' हे पान गेम विक्रीला यायच्या किमान दोन आठवडे आधी लावावंच लागतं. कित्येक महिने आधीही लावता येतं, आणि लोक गेम विशलिस्टमध्ये टाकायला तेव्हापासूनच सुरुवात करतात. म्हणून कॅप्सूल शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. गेम अर्धा झाला की पाटीचं काम सुरू करा.

आज एवढंच करा: फोन काढा, दहा कॅप्सूलचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यातली कोणती दोन नावं लांबून वाचता येतात ते बघा. तुमच्या कॅप्सूलचा पहिला धडा तिथेच मिळेल.