पाथरवट नदी

भूगोलाच्या पुस्तकात ‘घळई’ एका ओळीत संपते: नदीच्या खननकार्याने तयार झालेली खोल, अरुंद व उभ्या कड्यांची दरी. एवढे लिहिले की गुण मिळतात. मीही तेवढेच लिहीत आलो. पण नदी हे काम करते तरी कसे, हे अमेरिकेतील व्हर्जिन नदीविषयी वाचेपर्यंत मला उमगले नव्हते.

युटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील झायन राष्ट्रीय उद्यानातून ही नदी वाहते. मुलूख रुक्ष, पाऊस बेताचा. एरवी पुष्कळ ठिकाणी माणूस पाण्यातून चालत पलीकडे जातो. अशा नदीने दोन हजार फूट खोल दरी कोरावी, याचे नवल वाटते. उत्तर निम्मे खडकात आहे. आपल्याकडील काळा पाषाण लाव्हारसाचा. तेथील नॅव्हाहो वालुकाश्म म्हणजे सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातील वाळूच्या टेकड्या, दबून घट्ट झालेल्या. वारा वाळू कोणत्या दिशेने ढकलीत होता, हे कड्यांवरील तिरप्या रेघा आजही सांगतात. त्यात नदीचा उतार मैलाला पन्नास ते ऐंशी फूट! वाहती वाळू हीच तिची छिन्नी.

वरच्या अंगाला, ‘नॅरोज’ नावाच्या भागात, नदी अजून या वालुकाश्मातच आहे. तेथे हजार फुटी भिंतींमधील पात्र काही जागी जेमतेम वीस-तीस फूट रुंद आहे. खाली मात्र तिने कायंटा नावाचा ठिसूळ, मातट थर गाठला आहे. तो पोखरला गेला की वरचा कडा आधाराविना कोसळतो आणि दरी रुंदावते. वालुकाश्मात मुरलेले पावसाचे पाणीही याच थरापाशी अडते व कड्यातून पाझरते. त्या ओलीवर भर वाळवंटात नेचे लोंबतात. पाझरणाऱ्या पाण्यापैकी काही तर हजार वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचे आहे.

खरे कोरीवकाम होते ते पुरात. वर कोठेतरी ढग फुटतो, खाली ऊन असते आणि पाणी अचानक येते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी तेथील कीहोल या चिंचोळ्या घळईत अशाच पुराने सात जणांचा बळी घेतला. हे वाचल्यावर माझे नदीकौतुक बरेच ओसरले. मग हे पूर आवरू नयेत काय? १९३० नंतरच्या दशकात उद्यानातच नदीकाठी बांध घालून तसा प्रयत्न झाला. परिणाम असा की काठची कॉटनवुडची झाडे म्हातारी होत गेली आणि नवी उगवेनात; कारण त्यांचे बी रुजते ते पुराने मागे ठेवलेल्या ओल्या गाळात.

१९६८ साली अमेरिकेत वन्य व निसर्गरम्य नद्यांचा कायदा झाला. त्याखाली २००९ मध्ये व्हर्जिन व तिच्या उपनद्यांच्या दीडशे मैलांहून अधिक प्रवाहाला संरक्षण मिळाले. युटातील ही पहिलीच नदी. या प्रवाहावर आता धरण बांधता येत नाही. पाण्याची वाट पाहणाऱ्या गावातून मी आलो आहे. ‘नदी अडवू नका’ हे म्हणणे माझ्या गळी सहज उतरत नाही. परंतु उद्यानाबाहेर हेच पाणी वळवून वस्त्यांना व शेतीला देतात आणि उरलेले शेवटी हूव्हर धरणाच्या जलाशयात जाते, हेही ध्यानी घेतले पाहिजे. मोकळी आहे ती वरची नदी; खालची नाही. ही वाटणी मला पटते.

वरची मोकळी नदी कशी वागते पाहा. एप्रिल १९९५ मध्ये दरीचा उतार घसरून तिची वाट अडली. तिने शेजारचा डांबरी रस्ताच कापून काढला आणि उद्यानातील विश्रामगृहात उतरलेले पाहुणे आत अडकून पडले. रस्ता माणसांनी पुन्हा बांधला. घसरलेल्या मातीचा पायथा नदी अजूनही पोखरीत आहे.