पानफुटीचा दुसरा धडा

शाळेच्या बागेत एखादी कुंडी हमखास पानफुटीची असते. शाकीय प्रजननाचा धडा आला की शिक्षक तिचे एक पान खुडून ओल्या मातीवर ठेवतात. काही दिवसांनी पानाच्या कडेच्या खाचांतून इवलाली रोपे डोकावू लागतात, मुले खूश होतात आणि पानफुटीचे काम संपते. माझ्या वर्गातही बरीच वर्षे एवढेच होत असे.

एकदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सुट्टीत कुंड्यांना कोणीच पाणी घातले नव्हते असे लक्षात आले. तुळस वाळून काडी झालेली, जास्वंदीची पाने झडलेली. पानफुटी मात्र थोडी सुरकुतलेली, पण जिवंत. एका मुलीने विचारले, ‘‘सर, हिला पाणी कोणी घातलं?’’ मी म्हणालो, ‘‘अगं, तिच्या जाड पानांतच पाणी साठवलेलं असतं.’’

उत्तर चूक नव्हते, पण अर्धेच होते. टाकी कितीही मोठी असली आणि नळ उघडाच राहिला, तर ती किती दिवस पुरणार? खरा प्रश्न टाकीचा नाही, नळाचा आहे.

हा नळ म्हणजे पानावरची पर्णरंध्रे. वनस्पतीला अन्न तयार करण्यासाठी कार्बन डायऑक्साइड हवा आणि तो याच छिद्रांतून आत येतो. पण हवेत तो दहा हजार भागांत जेमतेम चार भाग. उलट पानाच्या आतली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त. दार उघडले की थोडासा कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि भरमसाट बाष्प बाहेर जाते. गहू, भात यांसारखी झाडे एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात. दार बंद ठेवले तर पाणी वाचते, पण उपासमार होते. दुष्काळात सापडलेल्या झाडापुढे तहान की भूक असा पेच असतो, आणि आपण वर्गात त्यातली फक्त तहान सांगतो.

ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांनी यावर एक तोड काढली आहे. आत आलेला कार्बन डायऑक्साइड ती आधी एका प्रकारच्या पेशींत पकडतात आणि मग शिरांभोवतीच्या पेशींत दाटीने सोडतात. त्यामुळे दार थोडेच उघडून भागते. त्यांचा हिशोब २५० ते ३०० ग्रॅमवर येतो. (ऊस यात आहे हे वाचून कोणी हसेल. ऊस ग्रॅममागे काटकसरीच आहे, पण वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहून तो इतके वस्तुमान तयार करतो की एकूण बिल मोठेच येते.)

पानफुटीने जागा बदलली नाही, वेळ बदलली. भर दुपारी वाळत घातलेले धोतर तासाभरात कोरडे होते. तेच रात्री घातले तर सकाळी दमटच सापडते. रात्री हवा गार असते, तिची पाणी ओढण्याची ताकद कमी असते. पानफुटी नेमकी तेव्हा रंध्रे उघडते आणि दिवसा मिटून घेते. अशा वनस्पतींचा हिशोब ५० ते १०० ग्रॅमपर्यंत उतरतो.

पण रात्री सूर्यप्रकाश नसतो, मग आत घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडचे करायचे काय? याचा पहिला धागा आपल्याच देशात, आणि तोही जिभेने सापडला. बेंजामिन हाइन हा मूळचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मद्रासकडे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. १८१३ साली त्याने एका पत्रात लिहिले की, पानफुटीचे पान पहाटे चांगलेच आंबट लागते, दुपारी त्याला चव राहत नाही आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होते. लिनियन सोसायटीने १८१५ मध्ये ते पत्र छापले. त्यामागची रासायनिक साखळी पुरती उलगडायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

आंबटपणा मॅलिक आम्लाचा. कच्च्या सफरचंदाला आंबट करते तेच हे आम्ल. रात्री आत आलेला कार्बन डायऑक्साइड या आम्लाच्या रूपात पेशींतल्या मोठ्या रिक्तिकांमध्ये साठत जातो. सकाळी दार बंद होते, आम्लातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा सुटतो आणि बंद दाराआड, उन्हाच्या बळावर, त्याची साखर होते. दुपारपर्यंत आम्ल सरते, म्हणून पान बेचव.

हे वर्गात दाखवता येते. मात्र मुलांना पान चाखू देऊ नका. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि ती खाऊन गुरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. त्याऐवजी असे करा: एकाच झाडाची दोन जून पाने घ्या, एक सूर्योदयाच्या सुमारास खुडलेले, दुसरे आदल्या संध्याकाळी खुडून लगेच ठेचून उकळत्या पाण्यात टाकलेले. दोन्हींचे वजन आणि पाणी सारखे असावे. पहाटेचे पानही तसेच उकळून, गाळून घ्या. आता प्रत्येक अर्कात चुन्याची निवळी थेंबाथेंबाने घाला आणि दर दहा थेंबांनंतर एक थेंब हळदीच्या कागदावर टेकवा. कागद लाल व्हायला कोणत्या अर्काला जास्त थेंब लागले, ते मुलांनाच मोजू द्या. अर्क हिरवट असतो, म्हणून हळद त्यातच न घालता कागद वापरायचा. एखादे जास्वंदीचे पान तुलनेला घेतले तर उत्तम.

या काटकसरीची किंमतही आहे. रिक्तिकेत मावेल तेवढाच साठा. तो भरला की रात्रीची आवक थांबते, आणि दिवसभर कितीही ऊन असले तरी कच्चा माल तेवढाच. त्यामुळे अशा वनस्पतींची वाढ सहसा संथ असते.

पाणी अगदीच संपत आले तर या वनस्पती रात्रीही दार उघडत नाहीत. श्वसनातून निघालेलाच कार्बन डायऑक्साइड रात्री आम्लात साठवतात, दिवसा पुन्हा वापरतात. वाढ शून्य, पण यंत्रणा चालू. तोडून बांधावर टाकलेला फड्या निवडुंगाचा तुकडा कित्येक आठवडे हिरवा राहतो तो असा. जूनमध्ये आमच्या कुंडीत जे उरले होते तेही बहुधा याच अवस्थेत होते.

निवडुंग, घायपात, अननस ही याच पंथातली. पण ज्यांची नावे सहज सुचणार नाहीत अशाही वनस्पती त्यात आहेत: झाडांच्या खोडांवर वाढणाऱ्या आमरींच्या, म्हणजे ऑर्किडच्या, अनेक जाती. सदाहरित जंगलात कसला आलाय दुष्काळ, असे वाटते. पण आमरीच्या मुळांना माती नसते. सरीचे पाणी सालीवरून ओघळून जाते, आणि ऊन पडले की साल वाळते. पावसाळी जंगलातही तिच्या वाट्याला वाळवंट येते, कधी दोन सरींच्या मध्ये, आणि सह्याद्रीत तर पावसाळ्यानंतर कित्येक महिने.

त्या मुलीला पुरे उत्तर द्यायला मला पुढचा उन्हाळा उजाडावा लागला. ते ऐकून तिने लगेच विचारले, ‘‘मग परीक्षेत ‘पर्णरंध्रे केव्हा उघडतात?’ आलं तर काय लिहायचं?’’ मी म्हणालो, ‘‘कोणत्या झाडाची, ते आधी लिही.’’